तुम्ही विचारलंत म्हणून: चीनने मॅग्नेट बंद केलेत ना?

लग्नात, लिफ्टमध्ये, बँकेत, सगळीकडे एकच: "चीनने मॅग्नेट बंद केलेत, तरी तुम्ही त्यांच्याच दारात का?" चाकणला दुचाकीच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात मी खरेदी बघतो, म्हणून मला हा प्रश्न.

बंद नाही केलेले. 4 एप्रिल 2025 ला त्यांनी सात दुर्मिळ मूलद्रव्यं निर्यात-परवान्याखाली आणली. आमच्या मॅग्नेटचा मुख्य घटक निओडिमियम, तो त्यात नाहीच. डिस्प्रोशियम आहे, आणि मोटर तापली तरी मॅग्नेटचा जोर टिकायला नेमकं तेच लागतं. अर्ज चिनी निर्यातदाराने करायचा, निर्णय 45 कामकाजाच्या दिवसांत. पण हे दिवस अर्ज स्वीकारल्यावर मोजायचे, पाठवल्यावर नाही.

खरी मेख वेगळीच. त्यांच्या 2020 च्या निर्यात नियंत्रण कायद्याप्रमाणे अंतिम वापरकर्त्याने लिहून द्यायचं, की परवानगीशिवाय माल दुसऱ्या कामाला वापरणार नाही, तिसऱ्याला देणार नाही. आम्ही मॅग्नेट रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, बसवतो आणि मोटर स्कूटर कंपनीला विकतो. मग अंतिम कोण? चीनमधल्या निंगबोच्या आमच्या पुरवठादार बाईंनी फाइल परत पाठवली: स्कूटरवाल्यांचं पत्र आणा. गेलो. त्यांच्या कायदे विभागातला मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, परक्या सरकारला आम्ही का लिहून द्यायचं?" त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. इकडे लाइनवरची कंत्राटी पोरं रोज विचारायची, "साहेब, सोमवारी यायचं का?" मी म्हणायचो, बघू. मग बाईंचा निरोप आला: सुटं मॅग्नेट अडतं, पण ते बसवलेली अख्खी मोटर यादीत नाही, ती पाठवू का? मालक म्हणाले, "मग आपण काय, स्टिकर चिकटवायचे?"

2020 मध्ये डबा खाताना मीच सांगत होतो, कायदा लिखित झाला ते बरं; या मूलद्रव्यांवरचे चीनचे पूर्वीचे निर्यात-कोटे 2014 ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, हरल्यावरच निघाले ना, लिखित असलं की भांडता येतं. आता 2020 मधल्या त्या शहाण्याला, म्हणजे मलाच, विचारावंसं वाटतं, भांडू कुणाशी? अर्ज बाईंचा, अधिकारी त्यांचे, आम्ही फॉर्ममधला एक रकाना. तोही गप्प बसणार नाही. अमेरिका चीनला जाणाऱ्या कॉम्प्युटर चिप्स अडवत नाही का म्हणेल, जुलै 2023 मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात अडवली ती आठव म्हणेल. आणि मला उत्तर सुचणार नाही.

दुसरीकडून घ्या म्हणता? जगातले असले दहापैकी नऊ मॅग्नेट तिथेच बनतात.

आणि "आता सुटलं ना?" हेही नको. 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगिती आहे ती ऑक्टोबर 2025 च्या वाढीव नियमांना. एप्रिलची यादी आहे तशीच आहे.