धरण उशाला

2013 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला आले आणि दोन महिन्यांत एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पेशंटचे ट्रे लावायचं काम लागलं. शेजारच्या टेबलावर साठीला टेकलेली एक बाई असायची. अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजातली, शोल लेक 40 या गावची. मनातल्या मनात मी तिला मावशीच म्हणते. शुक्रवारी शिफ्ट संपली की ती गाडीतून वीस-वीस लिटरचे दोन निळे कॅन आणायची, नळाखाली भरायची, झाकणं घट्ट पिळायची आणि गावाची वाट धरायची. एकदा कॅन उचलू लागताना मी विचारलं, "गावाला पाणी कशाला नेतेस? तुमचं गाव तर तळ्यातच आहे ना?"

ती म्हणाली, "हे त्याच तळ्यातलं आहे. इकडे पाइपातून येतं, मी डिकीतून परत नेते."

मला ते समजायला वेळ लागला. विनिपेगचं पिण्याचं पाणी दीडशे किलोमीटरवरून, शोल लेकमधून येतं. 1919 पासून. उतारच असा साधलाय की पाणी आपोआप शहरापर्यंत वाहत येतं. त्यासाठी 1915 मध्ये मावशीच्या गावच्या लोकांची सुमारे 3,000 एकर जमीन सरकारच्या 'इंडियन अफेअर्स' (म्हणजे मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या) खात्याने शहराला विकली. म्हणजे ज्यांची जमीन, त्यांनी नव्हे. त्यांचा सगळा कारभार 1876 च्या 'इंडियन अॅक्ट'खाली याच खात्याच्या हातात होता. (हा 'इंडियन' शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दचकले होते. माझ्याही पासपोर्टवर तोच होता.)

वस्ती उठवून पलीकडच्या जमिनीवर नेली. तळ्याला मिळणाऱ्या एका नदीचं पाणी चहासारखं तांबूस होतं. ते शहराच्या पाण्यात मिसळू नये म्हणून बांध घातला आणि कालवा खणून ते दुसरीकडे वळवलं. त्या कालव्याने गावची जमीन तोडली आणि गावाचं बेट झालं. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून गाडी. मधल्या दिवसांत बर्फ धड नाही, पाणीही धड नाही. त्यात माणसं बुडून गेली आहेत. 1997 पासून गावाला 'पाणी उकळून प्या' असा हुकूम. शुद्धीकरण केंद्राचा विषय निघाला की उत्तर यायचं, बेटावर बांधकाम फार महाग पडतं. बेट कोणामुळे झालं, हे कागदात कुठे नसायचं.

आमच्याकडे म्हणतात ना, धरण उशाला आणि कोरड घशाला. ही म्हण मी लहानपणापासून घरात ऐकलीय, कारण आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. आजोबांचं गाव धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. रायगड जिल्ह्यात त्यांना जी जमीन दाखवली तिच्यात कुदळ लागत नव्हती. कोयनेची वीज मुंबईला पोचली तरी त्या वस्तीत कितीतरी वर्षं कंदीलच होता. धरणग्रस्ताचा दाखला आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे. असं असूनही मी तीन वर्षं विनिपेगच्या नळाचं पाणी प्याले आणि ते कुठून येतं हे कधी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

2014 मध्ये विनिपेगमध्ये मानवी हक्कांचं मोठं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. आत सुंदर जलाशय आहेत, पाणी शहराचंच. त्याच वर्षी शोल लेकच्या लोकांनी आपलं अख्खं गावच मानवी हक्कांच्या पायमल्लीचं संग्रहालय म्हणून जाहीर केलं. या आणि बघा, म्हणाले. त्यांचा तो लढा मला फार मोठा वाटतो. 2019 च्या जूनमध्ये चोवीस किलोमीटरचा रस्ता झाला. त्याचं नाव 'फ्रीडम रोड'. आधी रस्ता, मग 2021 च्या सप्टेंबरमध्ये शुद्धीकरण केंद्र. चोवीस वर्षांनी उकळायचा हुकूम उठला.

2022 मध्ये मी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या शपथेत आता मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार यांचा उल्लेख आहे. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळांमध्ये 1,50,000 हून अधिक मुलं आईबापांपासून तोडली गेली. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने 2015 मध्ये 94 शिफारशी केल्या. त्यातली शेवटची, चौऱ्याण्णवावी, हीच होती: नव्याने नागरिक होणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द असावेत. मावशीची थोरली बहीण अशाच शाळेत होती. ती घरी परतली तेव्हा आजीशी बोलायला तिच्याकडे भाषाच उरली नव्हती. ते वाक्य म्हणताना माझा आवाज कापला.

त्याच उन्हाळ्यात मावशीने गावी नेलं. गुलाबी खडक फोडून काढलेला खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना स्प्रूस, मग तो कालवा आणि त्यावरचा पूल. कालवा इतका अरुंद! पुलावर गाडी थांबवून ती खाली उतरली, चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली आणि पुटपुटली. माझी आजी नदी ओलांडताना नाणं टाकून हात जोडायची. मीही हात जोडले.

घरी तिच्या नातीने नळाचं पाणी ग्लासात भरून दिलं. ही मुलगी 1998 ची. स्वतःच्या घरचं नळाचं पाणी ती तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा प्याली. दात घासताना मात्र अजून बाटलीच घेते, म्हणाली.

संध्याकाळी तळ्याकाठी बसलो होतो. मी सांगितलं, मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलं की आमच्या देवळाचा चौथरा वर येतो, आणि वडील तिथे जाऊन दिवा लावतात.

मावशीने गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने ते म्हणून पाहिलं, चुकलं. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा बरोबर आलं.