आजीच्या लक्ष्मीची काच उघडताना

गेल्या जुलैत मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची देवघराकडची भिंत पाझरायला लागली. आईनं सगळ्या तसबिरी उतरवून सोप्यात मांडल्या आणि त्यांतली सगळ्यांत मोठी, आजीच्या माहेराहून आलेली लक्ष्मी, माझ्याकडे दिली. "बाकीचं राहू दे, ही तेवढी वाचव." काचेला आतून घाम आला होता. पाठीमागची फळी कुजून तिचा भुगा पडत होता आणि कागदाच्या कडेला कसर लागली होती.

घाईघाईनं त्याच दिवशी तसबीर घेऊन एका फ्रेमवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, ही खालची पांढरी पट्टी उडवूया, नुसती डागाळलीया. चित्र हार्डबोर्डवर डकवून देतो, परत फुगायचं नाही." मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात त्या पट्टीवरची बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. तसबीर उचलली आणि रिक्षानं घरी आले. जुनं चित्र कुठलं, कुणी छापलं, हे सांगणारी जागा बहुतेक वेळा तेवढीच असते, आणि आपल्याकडे नेमकी तीच कापली जाते. हे मला फार लागतं.

राजा रविवर्मांनी हा छापखाना १८९४ साली मुंबईत काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. १९७२ साली तो आगीत सापडला. आमची लक्ष्मी मुंबईची नसून लोणावळ्याकडची, एवढं त्या पट्टीनं सांगितलं.

कला-संवर्धनाचं काम करणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पाऊस असेपर्यंत हात लावू नका." तसबीर कोरड्या खोलीत, भिंतीपासून लांब, आडवी ठेवली. दसऱ्यानंतर, चांगलं ऊन पडल्यावर, काच खाली करून तसबीर टेबलावर पालथी घातली. गंजलेले खिळे एकेक करून काढायलाच दुपार गेली. फळी निघाली, कागद सुटला, पण डाव्या कोपऱ्यात अडकला. या चित्रांवर व्हार्निशचा थर असतो. ओल लागली की तो काचेला धरतो. ओढायचं नाही, पाणी लावायचं नाही, असं ताईंनी बजावलं होतं. पातळ प्लॅस्टिकचा कागद आत सरकवत सरकवत अर्ध्या तासात तो कोपरा सुटला. तरी कमळाच्या पाकळीचा नखाएवढा तुकडा काचेवरच राहिला. काचेचा तेवढा भाग कापून घेतला आणि पाकिटात जपून ठेवलाय.

मग भिंग लावून बघितलं. साडीच्या गुलाबीत एकसारखी जाळी नव्हती. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत असतात. इथं लहानमोठे, दाट-विरळ, हातानं टिपलेले ठिपके होते. हत्तीच्या सोंडेखाली निळा रंग रेघेच्या केसभर बाहेर गेला होता. म्हणजे हे दगडावरून छापलेलं चित्र, निळ्याचा दगड वेगळा आणि त्या छापाला कागद किंचित सरकलेला.

दगडावरून छापायच्या या पद्धतीचं, म्हणजे शिळाप्रेसचं, मूळ तत्त्व एवढंच, की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. १७९६ च्या सुमारास बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरनं ते छपाईला लावलं. झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, डिंक आणि थोड्या तेजाबाचा हात द्यायचा, दगड ओला करून वरून शाईचा रूळ फिरवायचा. शाई रेघेला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड निराळा आणि तोच कागद प्रत्येकाखालून जायचा. माझ्या आजीच्या देवघरातल्या एका कागदावर एवढ्या हातांचं काम आहे, हे मला चाळिशीत कळलं.

पुसण्याचं काम कमीच केलं. मऊ कुंचल्यानं धूळ आणि कसरीची भुकटी झाडली, बस्स. लक्ष्मीच्या पायाशी कुंकवाचा डाग आहे. चित्राला काच बसण्याआधी कुणीतरी थेट कागदावर बोट टेकवलं असणार. तो काढता येईल का, असं ताईंना विचारलं आणि विचारल्याचं लगेच वाईट वाटलं. तो डाग तसाच आहे.

फ्रेम दुसऱ्यांकडे केली आणि समोर उभं राहून करून घेतली. मागे आम्लरहित पुठ्ठा, चारी बाजूंनी जाड माउंट, म्हणजे काच चित्राला टेकत नाही, आणि खालची पट्टी पूर्ण दिसते. कागद कुठंही डकवलेला नाही, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर वरून लटकतो. खर्च साध्या फ्रेमच्या चौपट आला. मला तो जड वाटला नाही.

आता लक्ष्मी मधल्या खोलीत, आतल्या कोरड्या भिंतीवर आहे. परवा कागलहून आत्याचा फोन आला. तिच्याकडे ट्रंकेत गुंडाळी करून ठेवलेली एक सरस्वती आहे, जर-टिकल्या लावलेली. "उलगडून बघू का गं?" म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, नको. पाऊस जाऊ दे, मीच येते."