टायर बदलून केळघर घाट: जुन्या कॅम्परवाल्यांसाठी

सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी आणि पसरणी घाटाने खाली वाई. फेरी छोटी, पण चढ-उतार भरपूर. गाडी जुनी ट्रॅव्हलर, आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. घेतली तेव्हा टायरची नक्षी जवळपास नवी होती, आणि अशा गाड्यांत हेच फसवं असतं. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीचे टायर गोटे होत नाहीत, उन्हात उभे राहून वाळतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. आमच्यावर १४१६ होते, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून टॉर्च मारा. अंगठ्याने दाबल्यावर कडेच्या बारीक भेगा उघडत होत्या. चर्चा संपली.

दुकानात जाण्याआधी मात्र वजनकाट्यावर जा. साताऱ्याकडे उसामुळे काट्यांना तोटा नाही, फक्त हंगामात ट्रॅक्टरच्या रांगेत थांबायची तयारी ठेवा. टाकी भरलेली, सिलेंडर, भांडी, अंथरुणं, माणसं, सगळं घेऊन जा. काटेवाल्याने विचारलं, "काय माल आहे?" म्हटलं, "घर." आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं, आणि काटेवाला तयार असेल तर एका बाजूचीच चाकं. आमचं मागचं वजन २,१४० किलो भरलं. दोन चाकांत सारखं वाटलं तर १,०७०, पण टाकी डावीकडे असल्याने डाव्या चाकावर १,१३० आणि उजव्यावर १,०१० निघालं. जुन्या टायरवर भाराचा आकडा १०९, म्हणजे एका टायरला १,०३० किलो. एवढी वर्षं तो टायर कसा टिकला, देव जाणे.

बॅटऱ्या उजवीकडे हलवल्या आणि ११५ आकड्याचे टायर घेतले. त्याची क्षमता १,२१५ किलो. ११२ म्हणजे १,१२०, ११३ म्हणजे १,१५०. काठावरचा आकडा घेऊ नका. मागे जोडचाकं असतील तर ११२/११० असं लिहिलेलं दिसेल. त्यातला दुसरा आकडा जोडीतल्या प्रत्येक टायरचा, आणि तोच तुमचा. एक लक्षात ठेवा, भारी टायर टाकला म्हणून ॲक्सलची किंवा आरसीवरच्या वजनाची मर्यादा वाढत नाही.

एका दुकानदाराने त्याच मापाचा कारचा टायर पुढे केला. "साहेब, माप तेच, स्वस्तात बसेल." माप तेच असलं तरी कड मऊ. आपल्याला एलटी (लाइट ट्रक) किंवा सी (कमर्शियल), म्हणजे मालवाहू गाडीचा, असं लिहिलेलाच हवा. 'लाखभर किलोमीटर चालेल' या जाहिरातीचाही आपल्याला उपयोग नाही, तेवढं चालण्याआधीच तो वयाने जाणार. त्यापेक्षा तारीख बघा, वर्षभर गोदामात पडलेला माल असेल तर भाव पाडा किंवा दुसरा मागा. नायट्रोजनला मी पैसे दिले नाहीत, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे मात्र घेतले. या टायरमध्ये हवेचा दाब जास्त असतो.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजली. केळघर चढून गेल्यावर दाबाचा काटा वर गेलेला दिसला तरी हवा काढू नका, गरम टायरची हवा वाढणारच. महाबळेश्वरला पोचल्यावर नट पुन्हा आवळले. नवीन टायर बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर हे करायचंच, आमचे दोन नट पाव वळसा फिरलेही. वळणावर गाडीचं झुलणं स्पष्ट कमी झालं होतं, बायकोने ओट्यावरची बरणी हाताने धरणं सोडून दिलं. खड्ड्यातला दणका मात्र आता जास्त बसतो, कडक टायरची ती किंमत.

पसरणी उतरताना दुसरा गिअर. सतत ब्रेक दाबला की तापलेल्या रिमची उष्णता टायरला लागते. मध्ये थांबलात तर रिमवर पाणी ओतू नका, नुसतं उभं राहू द्या.

आणि स्टेपनी. दुकानात चारच टायरचं बिल होतं, पाचवा विसरू नका, तोही त्याच वयाचा असतो. भरल्या गाडीला सोबतचा जॅक पुरेल का, ते घरीच उचलून बघा. आम्ही पाच टनी बॉटल जॅक आणि त्याखाली ठेवायला सागाची फळी घेतली. पावसात घाटाच्या कडेची माती मऊ होते, आणि फळीशिवाय जॅकच आत जातो.