रूसोच्या बेटावर बाबांसोबत

विचारवंत रूसो आपल्याला भेटतो तो शाळेत, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात. बाबांनी तो धडा कित्येक वर्षं शिकवला. म्हणून ते स्वित्झर्लंडला आले तेव्हा बर्फाचे डोंगर मागे ठेवले आणि आधी बील सरोवरातलं सेंट पीटर बेट गाठलं.

१७६५ च्या सप्टेंबरात मोतिए गावात रूसोच्या घरावर दगडफेक झाली. तिथून तो या बेटावर आला आणि जेमतेम सहा आठवड्यांत बर्नच्या सरकारने त्याला इथूनही घालवलं. पुढे पॅरिसमध्ये, आयुष्याच्या अखेरीस, ‘एकाकी फिरस्त्याची दिवास्वप्नं’ लिहिताना त्याने त्या सहा आठवड्यांचे दोन महिने केले. मला त्या चुकीनेच गलबलून येतं. निघण्याआधी त्या पुस्तकातलं ‘पाचवा फेरफटका’ हे प्रकरण वाचाच. थोडीच पानं आहेत.

बील स्टेशनवरून बोटीचा धक्का चालत दहा-पंधरा मिनिटांवर. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोटीला वेगळं तिकीट लागत नाही. हिवाळ्यात फेऱ्या अगदी कमी, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघा.

जुन्या मठात आता हॉटेल आहे. रूसोची खोली तिथेच, साधीसुधी. जमिनीत लाकडी झडप आहे; भेटायला कुणी आलं की तो म्हणे त्यातून खाली सटकायचा. बाबा गुडघ्यावर हात टेकून वाकले, बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले. म्हणाले, “एवढा छळलेला होता, हे मी पोरांना कधी सांगितलंच नाही गं.”

संध्याकाळी काठावर बसलो. लाट येते, बारीक खडे खुळखुळतात, क्षणभर शांत, पुन्हा लाट. रूसो नेमकं हेच ऐकत अंधार पडेपर्यंत बसायचा. दुपारची गर्दी पांगल्याशिवाय हा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून उशिरापर्यंत थांबा.

आमची शेवटची बोट त्यात गेली, पण अडलं नाही. एकोणिसाव्या शतकात सरोवराची पातळी दोनेक मीटर खाली आणली, तेव्हा पाण्याखालची जमीन उघडी पडून बेट काठावरच्या एर्लाख गावाला जोडलं गेलं. ती वाट, हायडेनवेग, पाचेक किलोमीटर, सपाट, दोन्हीकडे बोरू. सव्वा तास धरा, बूट चांगले घाला, टॉर्च ठेवा. राखीव क्षेत्र आहे, फुलं तोडू नका. एर्लाखहून बसने इन्स, तिथून बर्नची गाडी.

अर्ध्या वाटेत बाबा थांबले. “म्हणजे त्याला इथून पायी जाताच आलं नसतं,” म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले.