तुम्ही विचारलंत म्हणून: अजून मॅचला का जातो

"भाच्याचं डोकं फुटलं तरी तू अजून मॅचला जातोस?" गेल्या चार वर्षांत हे मला मावशीनं विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यानंपण विचारलं. दरवेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहितो.

हो, जातो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, त्याच गॅलरीत.

आणि "फुटबॉलच बघायचाय तर टीव्हीवर बघ की" हे कृपा करून सांगू नका. बघतो. वर्ल्डकपला आमच्या गल्लीतपण ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, रात्र रात्र जागतो आम्ही. पण तिथल्या कुणाच्या घरी माझं जाणंयेणं नाही. आमचा बचावातला स्टॉपर पहाटे दूध घालतो आणि दुपारी चारला ग्राउंडवर उतरतो, त्याचा कुठला गुडघा दुखतोय ते अख्ख्या पेठेला माहिती असतं. ज्या तालमीत आजोबांनी जोर मारले, जिथं गणपती बसतो, कुणाच्या घरी मयत झालं तर माणसं आधी जिथं गोळा होतात, त्या तालमीचा संघ आहे तो. इथला फुटबॉल चालवणारी केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, 1940 ची, म्हणजे आजोबांच्या तरुणपणापासूनचं आहे हे सगळं. मी निवडलेलं नाही, माझ्याकडं आलेलं आहे.

तालमीचं नाव लिहीत नाही, समोरच्यांचंपण नाही. नाव घेतलं की मूळ गोष्ट बाजूला राहते.

ताईला दिलंय समोरच्या पेठेत. चालत दहा मिनिटं. दाजी त्यांच्या तालमीचे कट्टर, मॅचच्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन, "येताना रुमाल घेऊन या, रडायला लागंल." मी पण सोडायचो नाही. त्यात गोडीच होती.

त्या दिवशी सेमीफायनल होती, रविवार. दोनलाच गॅलरी भरलेली, मिळंल तिथं माणसं उभी. दाजींनी भाच्याला आणलेलं, नऊ वर्षांचा होता, पहिलीच मॅच त्याची. एक-एक झालं आणि टायब्रेकरला गेली. आमची चौथी किक बारला लागली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. हरलो. समोरून हुर्यो सुरू झाली. आमच्या गॅलरीत क्षणभर कुणीच काही बोललं नाही, मग मागून कुणीतरी घोषणा दिली, त्यांच्या पेठेतल्या आयाबहिणींवरनं. आणि मी ओरडलो. सगळ्यांसोबत, घसा फाटेपर्यंत, तीनदा की चारदा. माझी सख्खी बहीण त्या पेठेत नांदतीय आणि मी ते ओरडलो. आजपर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं, ताईलापण नाही.

मग पहिली बाटली गेली, मी शिट्टी मारली. मग दगड. मग पोलीस आत आले आणि गेटवर जी चेंगराचेंगरी झाली त्यात चप्पल कुठं गेली कळलं नाही, अनवाणीच रावणेश्वराच्या देवळाकडनं घरी आलो.

सातला ताईचा फोन. दवाखान्यात गेलो तर भुवईच्या वर पाच टाके घातलेले. भाचा मला बघून म्हणाला, "मामा, तुमच्या बाजूनं आला." तक्रार नव्हती, नुसतं सांगत होता, शाळेत काय झालं ते सांगतो तसं. ताईनं एकच विचारलं, "तू कुठं बसलावतास?" मी सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या तेवढ्या आणायला सांगितल्या.

मी दगड मारला नाही. हे मी हजारदा सांगितलंय आणि ते खरंच आहे. दगड तिकडनंपण आले, त्याच्या आदल्या वर्षी आमच्यातल्या एकाचा दात पडला होता, हेपण खरंच आहे. पण हे सगळं खरं असून सांगताना दरवेळी मी भिंतीकडं बघत असतो.

आधी मीच म्हणायचो, "ईर्षा असली की एवढं तेवढं होतंच." तेव्हाच्या मला आता काय सांगू? त्याला काही माहिती नव्हतं असंही नाही, ताईच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

एक पूर्ण सीझन गेलो नाही. मॅचच्या दिवशी गच्चीवर जाऊन उभा राहायचो, आवाज येतो आमच्यापर्यंत. आमचा गोल आणि त्यांचा गोल, आवाजावरनं ओळखू येतो मला, आमचा जरा उजवीकडनं उठतो. महिन्यातच कळलं की मी ग्राउंडवर नाही एवढंच, मॅच काय सुटलेली नाही. पुढच्या सीझनला परत गेलो.

आता घोषणा सुरू झाली की मी गप्प बसतो. एकदा शेजारच्या पोराला म्हणालो, बाबा नको, तर तो म्हणाला, "काका, मग घरात बसायचं." उठून आलो नाही मी, बसून राहिलो. पूर्वी वाटायचं ईर्षा वेगळी आणि शिवी वेगळी, एक ठेवून दुसरी टाकता येईल. आता तसं खात्रीनं सांगता येत नाही. कारण ईर्षा काढली तर कामाच्या दिवशी दुपारी चारला एवढी माणसं कशाला येतील? दाजी म्हणतात, 2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला तेव्हा दोन्ही पेठा टीव्हीपुढं होत्याच की, तेव्हा कुठं कुणाच्या आईबहिणीची आठवण झाली? मला त्यावर उत्तर सुचलं नाही. दाजी त्या सेमीफायनलनंतर स्टेडियमवर आलेले नाहीत, सकाळचा फोनपण बंद झाला.

भाचा आता तेरा वर्षांचा आहे, त्यांच्या गल्लीतल्या पोरांच्या टीममध्ये हाफला खेळतो, पास चांगला देतो. येत्या रविवारी परत आमची त्यांच्याशी मॅच आहे. परवा त्याचा फोन आला, "मामा, पप्पा येत नाहीत, मी तुमच्यासोबत येऊ का? तुमच्या गॅलरीत बसतो."

आईला विचार म्हणालो. ताईचा अजून फोन आलेला नाही.