शॅडो फाइलचं लेबल

३१ मार्चची सकाळ. एका पतसंस्थेचे वर्षअखेरचे हिशेब बंद व्हायचे होते आणि रात्री वीज जाऊन आल्यापासून हिशेबाचं सॉफ्टवेअर उठत नव्हतं. ते चालायचं सेंटओएस ७ या लिनक्सच्या एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर. मशीन सुरू होतं, पण आत शिरून सर्व्हिस चालू करायला रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड हवा. तो माहीत असलेला मुलगा नोकरी सोडून गेलेला. त्याने फोनवर सांगितलेला पासवर्ड आम्ही तीनदा टाकून पाहिला. तिन्ही वेळा ‘लॉगिन इनकरेक्ट’.

“अगं, सगळं गेलं का?” अकाउंटंट काकूंनी विचारलं. समोर व्हाउचरचा गठ्ठा, बोटाला स्पंजचं पाणी.

“काही गेलं नाही काकू. कुलूप आहे, किल्ली नाही एवढंच.”

पासवर्ड शोधून काढणं शक्यच नव्हतं. लिनक्स पासवर्ड तपासायला जी शॅडो फाइल वापरतं, तिच्यात पासवर्ड नसतो, त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा असतो, आणि हॅशवरून मागे जाता येत नाही. नवा पासवर्ड लावायचा, हा एकच मार्ग. पण आधी मी मशीन होस्टवरून, म्हणजे ते ज्या संगणकाच्या आत चालायचं त्यावरून, रीतसर बंद केलं आणि डिस्कच्या फाइलची प्रत काढली. त्यात अर्धा तास गेला. मॅनेजर साहेब दारात येरझाऱ्या घालत होते, तरी ती प्रत झाल्याशिवाय मी कशालाही हात लावला नाही. त्या फाइलमध्ये लोकांच्या ठेवी होत्या.

मग कन्सोल उघडला. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबलं, कर्नलच्या लांबलचक ओळीच्या शेवटी आरडी-ब्रेक लिहिलं, म्हणजे मशीन पूर्ण उठण्याआधी मध्येच थांबतं, आणि कंट्रोल-एक्स. सिसरूट, म्हणजे मशीनची खरी फाइल-व्यवस्था, लिहिता येईल अशी पुन्हा माउंट केली, चरूट या आज्ञेने तिच्या आत गेले, नवा पासवर्ड दिला. रीबूट. लॉगिन आलं, पासवर्ड टाकला.

लॉगिन इनकरेक्ट.

आता मात्र पोटात गोळा आला. काकूंचं नेहमीचं साधं खातंही आत घेईना. म्हणजे आधी एक दार बंद होतं, आता सगळीच. कॅप्स लॉक पाहिलं, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. मग उमगलं. पासवर्ड बदलताना शॅडो फाइल नव्याने लिहिली जाते. एसई-लिनक्स हा लिनक्समधला पहारेकरी, कुणी कोणती फाइल वाचायची हे तो फाइलच्या लेबलवरून ठरवतो. आरडी-ब्रेकमध्ये त्याची पॉलिसी चढलेली नसते, त्यामुळे नव्या फाइलला लेबल मिळत नाही. पुढे मशीन नीट उठतं, एसई-लिनक्स जागं होतं आणि लॉगिनला ती फाइल वाचूच देत नाही. पासवर्ड बरोबर होता. तो तपासायला कुणाला परवानगीच नव्हती. ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल सर्वात वरच्या फोल्डरमध्ये ठेवायची असते, म्हणजे उठताना मशीन सगळ्या फाइलींना नव्याने लेबल लावतं. ती मी घाईत विसरले होते.

पुन्हा ग्रब, पुन्हा आरडी-ब्रेक. या वेळी फक्त ती एक फाइल. मशीन उठलं आणि स्क्रीनवर इशारा आला, रीलेबलला खूप वेळ लागू शकतो. स्कॅन केलेल्या पावत्यांची वर्षानुवर्षांची फोल्डरं त्यात होती, प्रत्येक फाइलला लेबल लागणार. आकडा मुंगीच्या पावलाने सरकत होता. काकूंनी चहा मागवला. तो गार झाला तरी मी पडद्यावरची नजर काढली नाही.

पावणेदोनला मशीन आपोआप रीबूट झालं. पासवर्ड टाकला, आणि रूटचा ‘#’ चिन्ह असलेला प्रॉम्प्ट आला. सर्व्हिस चालू केली, वीज गेली तरी पुढे ती आपोआप उठेल अशी सोयही करून ठेवली. काकूंनी पहिलं व्हाउचर चढवलं, मग दुसरं.

निघण्याआधी नवा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, जोडावर साहेबांची आणि काकूंची सही घेतली. तिजोरीत ठेवताना काकू म्हणाल्या, “तारीखही घाल गं वर.” घातली.