पांगुळगाडा

नातीला अकरावा महिना लागला तसा माळ्यावरचा पांगुळगाडा खाली काढला. तिच्या बापाचाच जुना. एक चाक कुरकुरत होतं, त्याला खोबरेल तेल पाजलं. बाईसाहेबांनी तो दोन दिवस ढकलला आणि तिसऱ्या दिवसापासून उलटा करून नुसती चाकं फिरवत बसल्या. चालायला शिकली ती दिवाणाची कड धरून आणि सतत पडून.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने हे पडणंसुद्धा मोजलं, 2012 मध्ये. एक ते दीड वर्षाचं, नुकतं चालू लागलेलं मूल तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं. आमच्याकडे आकडा थोडा जास्तच असावा. दर वेळी आम्ही फरशीला चापट मारायचो, बिचारी फरशी!

परवा लेकाने फोनवर आयकब दाखवला. इटलीतल्या जेनोआचा रोबोट, बालवाडीतल्या पोराएवढा: उंची 104 सेंटिमीटर, वजन 22 किलो, अंगात 53 मोटारी, त्यातल्या नऊ-नऊ एकेका पंजात. त्याला म्हणे सगळं आधीपासून पढवून ठेवत नाहीत. तो उगाच हात हलवतो, डोळ्यांतल्या कॅमेऱ्यांनी तो हात बघतो, आणि कुठली मोटार फिरली की पंजा कुठे जातो ते हळूहळू त्याचं त्यालाच उमगतं. हातांचे बोबडे बोलच हे. मला नातीचा तिसरा महिना आठवला. स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरून अशी निरखायची, की सराफाने पाटली निरखावी.

यंत्रात मोठ्या माणसाचा मेंदू बनवण्यापेक्षा मुलाचा बनवा आणि त्याला शिकवा, असं ॲलन ट्युरिंग या संगणकशास्त्रज्ञाने 1950 मध्येच सुचवलं होतं. पण झालं उलटंच. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं, तेव्हा त्या संगणकाची मोहरी पटावर हलवायला शेजारी माणूस बसवावा लागला होता. मोहरं चिमटीत उचलणं आमच्या घरी दहाव्या महिन्यात जमलं. उचललं की थेट तोंडात, एवढंच.

व्हिडिओतल्या आयकबला मागून कमरेशी एका खांबाचा आधार होता.

"म्हणजे तुमचाही पांगुळगाडाच की रे," मी म्हटलं.

"पडू देऊन कसं चालेल, आई? केवढ्याचा आहे तो!"

तेवढ्यात मागे धप्प आवाज आला. नातीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम फोनमध्ये डोकं घातलं. कुणाचं लक्ष नाही म्हटल्यावर ती रडलीच नाही. दोन्ही तळहात फरशीला टेकले, मागची बाजू आधी वर काढली, आणि निघाली परत दिवाणाकडे.